परतीचं सामान

घर हलवताना गाडी कशी ठरवली, असं कोणालाही विचारा, माणूस भाड्याचंच सांगेल. अमक्याने जास्त मागितलं, तमका कमीत तयार झाला. मी आयुष्यभर लोकांची घरं या गावातून त्या गावात नेली, आधी बैलबंडीतून आणि मग ट्रकमधून. भाडं हे दुसरं कारण असतं. पहिलं कारण माणूस बोलून दाखवत नाही. आपलं सामान कोणाच्या नजरेला पडलेलं चालेल आणि कोणाच्या नाही, हे त्याच्या मनात आधी ठरतं. गाडीवान मग ठरतो.

यात नवल नाही. घरात असतं तोवर सामान झाकलेलं असतं. गादीचा डाग खालच्या बाजूला असतो, पोचा आलेला पाण्याचा गुंड मागच्या फळीवर, फाटकी सतरंजी चांगल्या सतरंजीच्या घडीत. तेच सगळं अंगणात आणलं की गावाला दिसतं. मोठ्या रुबाबातल्या तलाठ्याला मी आपल्याच स्वयंपाकघरातल्या डब्यांपुढे आडवं उभं राहताना पाहिलं आहे.

मी फुलसावंगीजवळच्या तांड्यातला. माझा आजा लदेणी करायचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचा. रस्ते झाले, मोटारी आल्या आणि ते काम बुडालं. बापाने थोडी शेती धरली. मी चौथीपर्यंत शिकलो आणि पुन्हा ओझ्याकडेच वळलो. छप्पन साली आपला भाग नव्या राज्यात गेला, तशा बदल्या फार होऊ लागल्या. मास्तर, कंपाउंडर, जंगलखात्याचे कारकून, कोणी येतोय, कोणी जातोय. बायका-पोरं मोटारीने जात आणि सामान माझ्या बंडीत.

बंडी भरणं हे दिसतं तेवढं सोपं नाही. जड वस्तू आसाच्या बरोबर वर ठेवायच्या: जातं, पाटा, धान्याची कोठी. वजन मागे गेलं तर बंडी उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचे गळे आवळतात. पुढे गेलं तर त्यांची मान सोलते. काचेचं आणि मातीचं सामान कुटारात, म्हणजे भुशात, खुपसायचं. लोणच्याची बरणी कपड्यांपासून लांब, रॉकेलचा डबा सगळ्यांपासून लांब, मागे टांगून. देव्हारा मात्र कोणी बंडीत ठेवू देत नसे. तो घरधनीण मांडीवर घेऊन मोटारीत बसायची.

पुढे उमरखेडहून ट्रक यायला लागले तेव्हा माझं गिऱ्हाईक तुटायला लागलं. माल टाकून रिकामा परतणारा ट्रक स्वस्तात सामान न्यायचा. एका शाळामास्तरांनी तसाच एक ठरवला. मला वाईट वाटलं, तरी मी त्यांना म्हटलं, "मास्तर, परतीची गाडी घ्या, पण येताना तिनं काय आणलं थे इचारून घ्या."

मास्तर हसले. "रिकामी आहे रे गाडी. मी स्वतः पाहिली."

गाडी रिकामीच होती. पण आदल्या दिवशी तिच्यात मिरची होती, आणि फळ्यांच्या फटींतून बसलेली पूड दिसत नाही. ती गाद्यांत गेली, रजयांत गेली, पोरांच्या सदऱ्यांत गेली. नव्या गावात त्या घराची ओळख शिंकणाऱ्यांचं घर अशीच झाली. मास्तरीणबाईंनी रजई वाळत घातली की शेजारचे दार लावून घेत. पुढच्या बदलीला मास्तर स्वतः तांड्यावर आले. नुसतं म्हणाले, "हरसिंग, तुझीच बंडी आण." तो दिवस मला फार गोड गेला. असे दिवस आठवले की आपण काहीतरी होतो असं वाटतं.

पण हे लिहायला बसलो ते वेगळ्या दिवसासाठी. तो आठवला की अजून मान खाली जाते.

एका उन्हाळ्यात सखाराम बापू तांड्यावर आले. आमच्यापासून दोन-तीन कोसांवरच्या गावातले शेतकरी. जमीन बेताची, पण माणसाचा शब्द चालायचा. त्यांची एकुलती मुलगी शेवंता ढाणकीच्या पुढच्या एका गावात दिली होती. ते लग्न मला आठवत होतं. आंदणाच्या बंड्या आमच्या तांड्यावरून गेल्या होत्या, बैलांच्या पाठीवर झुली, शिंगांना रंग, पुढे वाजंत्री. सगळ्या बंड्या बापूंच्या गावच्या, त्यांच्या भाऊबंदांच्या. मला कोणी विचारलं नव्हतं आणि मलाही त्याचं काही वाटलं नव्हतं.

बापू बाजेवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "उद्या बंडी पाह्यजे. पोरीच्या गावाहून सामान आणाचं हाय."

"कोणतं सामान, बापू?"

"तिचं." मग म्हणाले, "समदं."

मला कळलं. लग्नाला काही वर्षं होऊन मूल नव्हतं. जावयाने दुसरी बाई घरात आणली होती, हे आमच्या कानावरही आलं होतं.

"पण बापू, तुमच्या गावात इतल्या बंड्या हायेत. इतले दूर काहून आले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बैलांकडे पाहत म्हणाले, "आमच्या लोकाईत सांगितलं तर गोष्ट सोयऱ्याधायऱ्यांत जाते. तू आमच्या लोकाईत बसत नाहीस. तुह्यं कोण आयकते?"

ते वाईट बोलायला आले नव्हते. दुखावलेला माणूस जे खरं असतं तेच बोलून जातो. आपण स्वस्त म्हणून लोक आपल्याकडे येतात, बैल चांगले म्हणून येतात, हात जपून चालतो म्हणून येतात, असं मी समजत होतो. आपल्या बोलण्याला कोणी विचारत नाही म्हणूनही कोणी येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी "येतो" म्हणालो.

निघताना बायकोने माझ्या बोचक्यात भाकरी बांधली आणि तिची काचळीही ठेवली. काचळी म्हणजे आमच्या बायकांची आरशांची चोळी. तिचे काही आरसे फुटले होते. "ढाणकीत दुकान हाय, तसेच आरसे मिळतात. जोडून पाह्य आन् घेऊन ये," ती म्हणाली. तिची ती लग्नातली काचळी होती.

आम्ही सकाळी शेवंताच्या सासरी पोचलो. बापूंना कोणी पाणी विचारलं नाही. ते समोरच्या निंबाखाली दगडावर बसले. जावई घरात नव्हता की मुद्दाम आत बसला होता, कोण जाणे. सासरा ओसरीवर पान खात बसला होता. मी बंडी दाराशी लावली आणि पायरीकडे गेलो, तशी सासू आतून ओरडली, "तू अंदर येऊ नको रे. सामान बाहीर येते."

मग शेवंता एकटीच सामान आणू लागली. एकेक वस्तू. घंगाळ, गुंड, ताटं, लोखंडी पेटी, गाद्यांची वळकटी. ती बारीक अंगाची होती. जातं उचलेना तेव्हा तिने ते ओसरीवरून लोळवत आणलं. बाप समोर बसून पाहत होता आणि मी पायरीखाली हात लांबवून उभा होतो. शेजारपाजारचे जमले. बायका पदराआडून एकमेकींना सांगत होत्या, हे कोणी दिलं, ते कोणी दिलं. शेवटी पलंग आला. कातीव पायांचा, लाल-हिरव्या रंगाचा. सासऱ्याने तेवढ्यापुरता हात लावला, कारण दारातून तो आडवा निघत नव्हता.

मी दोर आवळत होतो तेव्हा सासू बाहेर आली. म्हणाली, "पितळी तांब्या दिसत नाही. आता येथीच होता."

तिने माझ्याकडे बोट केलं. "तांड्याचा हाय थो. त्याचं बोचकं पाहा आधी."

मी म्हणालो, "बाई, मी घरात पायही टाकला नाही."

"मंग भेतं कायले?"

गर्दीतला एकजण पुढे आला आणि बंडीच्या पुढच्या बाजूला टांगलेलं माझं बोचकं त्याने सोडलं. भाकरी धुळीत पडल्या. तांब्या निघाला नाही. काचळी निघाली. त्याने ती माझ्याच तुतारीच्या, बैल हाकायच्या काठीच्या, टोकावर घेऊन वर धरली. आरसे उन्हात चमकले, आणि माणसं हसली. एक म्हणाला, "नाचाची हाय का रे?" पुन्हा हसले. बायकाही हसल्या.

मी हात पुढे केला, पण तो काठी आणखी उंच करायचा. मी बापूंकडे पाहिलं. माणसाचा शब्द चालतो म्हणतात ना, त्या माणसाकडे पाहिलं. बापू जमिनीकडे पाहत होते. शेवंता दारात उभी होती, तोंडाला पदर लावून.

खेळ संपल्यावर त्याने काचळी खाली टाकली. मी झटकून घडी केली. सासू म्हणाली, "असंल कोठीतरी घरात. जा आता."

बैल जुंपले आणि निघालो. बापूंनी बरोबर आणलेली ताडपत्री बंडीवर ओढून घेतली. सगळं झाकलं गेलं, पण पलंग उलटा बांधला होता आणि त्याचे चार पाय ताडपत्रीला तंबूसारखे उचलून धरत होते. बापू दोनदा खाली उतरून ते दाबायला गेले. लाकूड कुठे दबतं.

वाटेत ढाणकी लागलं. तिथल्या दुकानासमोरून बंडी गेली. मी थांबलो नाही.

त्या दिवशी फुलसावंगीचा बाजार होता. सासरी एवढा वेळ गेला नसता तर बाजारकरी परतीच्या रस्त्याला लागायच्या आत आम्ही पार झालो असतो. आता समोरून माणसंच माणसं येत होती. बापू म्हणाले, "नाल्यातून घे."

"बापू, नाल्यात रेती हाय. चाक बसंल."

"घे म्हणतो ना."

माल ज्याचा त्याचा हुकूम, म्हणून मी घेतली. मधोमध डावं चाक आसापर्यंत रुतलं. बैलांनी गुडघे टेकले. सामान उतरवल्याशिवाय ती हलणार नव्हती. ताडपत्री काढली आणि शेवंताचा सगळा संसार आम्ही नाल्याच्या काठावर मांडला. पलंग सरळ उभा करावा लागला. वरच्या वाटेवरून जाणारे बाजारकरी थांबले. लग्नसराईचे दिवस होते, नवी भांडी, रंगीत पलंग. एक म्हातारा वरूनच ओरडला, "कोणाचं लगन हाय गा?"

बापूंनी मान वर केली आणि म्हणाले, "पुतणीचं."

मग काय विचारता. लग्नाची बंडी रुतली म्हटल्यावर दहा-बारा जण खाली उतरले. कोणी चाकाला खांदा लावला, कोणी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या आणून चाकाखाली घातल्या. बायका शेवंताजवळ बसल्या. एकीने घंगाळ वाजवून पाहिलं आणि वजन चांगलं आहे म्हणाली. दुसरीने विचारलं, "नवरी कोठी हाय वो? तू करवली व्हय?"

बापू रेती उपसत होते. त्यांचे हात थांबले.

शेवंता म्हणाली, "नाही वो माय. माह्यंच सामान हाय हे. नवऱ्यानं दुसरी केली. मी बापाच्या घरी परत चालली."

सगळे ऐकू शकतील इतक्या आवाजात म्हणाली. रडली नाही. घंगाळ वाजवणारी बाई हात मांडीवर ठेवून बसून राहिली. चाकाला खांदा लावलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली, मग बापूंकडे. बापूंच्या हातातली रेती हातातच होती. खोटं पकडलं गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा मी तेवढा जवळून पुन्हा कधी पाहिला नाही. सकाळी ते माझ्यासाठी बोलले नव्हते, म्हणून मनातून मी त्यांच्यावर धुमसत होतो. तो चेहरा पाहिल्यावर तेही करता येईना.

वरून ओरडलेला म्हातारा शेवटी म्हणाला, "बरं केलं बाप्पा, घेऊन आले पोरीले. लावा रे खांदा, पाहून काय राह्यले?"

बंडी निघाली. त्याच माणसांनी सामान पुन्हा चढवलं. आधी गडबड आणि थट्टा चालली होती, आता भांडी जास्त हळू ठेवत होते. बापू ताडपत्री घेऊन पुढे आले तेव्हा शेवंता म्हणाली, "बा, राहू दे. वाजत गेलतो ना. आता कायले झाकतं?"

गाव जवळ आल्यावर बापूंनी एकदा म्हणून पाहिलं, की जरा अंधार पडू दे, माणसं घरात जाऊ दे. तिने मला पुढे चल म्हणून खूण केली. आम्ही उघड्या बंडीने गावात शिरलो. दारादारांत माणसं उभी राहिली. बापू बंडीच्या मागे चालत होते, आपल्याच गावात पाहुण्यासारखे. घरी पोचल्यावर शेवंताची आई तिला घेऊन आत गेली. मी सामान ओसरीपर्यंत ठेवलं. बापू म्हणाले, "अंदर लावून दे हरसिंग." मी आत गेलो, पलंग लावला, जातं कोपऱ्यात बसवलं. निघताना ते दारापर्यंत आले आणि बैलांना पाणी दाखवलं का, एवढंच विचारलं.

तांड्यावर बायकोने बोचकं सोडलं. "आरसे?"

"दुकान बंद होतं," मी म्हणालो.

बापूंचा हिशेब बरोबर निघाला. माझ्या तोंडून ती गोष्ट कुठेच गेली नाही. पण त्यांच्यासाठी मी गप्प राहिलो नव्हतो. त्यांच्या मुलीची गोष्ट सांगायची तर तुतारीवर चढलेल्या काचळीचीही सांगावी लागली असती.

पुढे मी ट्रक चालवायला शिकलो आणि एका व्यापाऱ्याचा जुना ट्रक चालवू लागलो. बऱ्याच वर्षांनी शेवंता माझ्याकडे आली. बापू गेले होते. शेती तीच पाहत होती, आणि आईच्या दवापाण्यासाठी फुलसावंगीत खोली घेतली होती. तिला गाडी हवी होती.

मी विचारलं, "बाई, तुमच्या गावात आता दोन ट्रक हायेत. माह्याकडे कायले आल्या?" खरं तर मला जुनंच उत्तर ऐकायची भीती होती.

"तू सामान नीट लावतं," ती म्हणाली. मग खाली पाहून म्हणाली, "आन् एक बोलाचं होतं, भाऊ. नाल्यात मी येवढी बोलली. माह्यासाठी बोलली. सकाळी तुह्यं बोचकं सोडलं तवा बोलाले पाह्यजे होतं. तांब्या मीच चुलीपाशी ठेवला होता. मले ठाऊक होतं. पण तोंडच उघडलं नाही. माह्यं सामान निघालं त्याची लाज कवाच सरली. थे नाही सरली."

मी म्हणालो, "जाऊ द्या बाई, कवाची गोष्ट." आणि गाडीचं बॉनेट उघडून उगाच आत पाहत राहिलो. ती गेल्यावर बंद केलं.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. शेवटी म्हणाली, "इतले वर्सं मी समजत होती, तू माह्ये आरसे विसरला. भांडताना दर खेपेला हेच काढलं मी." मग सूप बाजूला ठेवून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ती माझ्यावर रागावली की त्या लोकांवर, हे मी विचारलं नाही.

शेवंताचं सामान मी नेलं. त्या वेळी काय उचलायचं ते मीच आत जाऊन पाहिलं.

ढाणकीची भाडी मी नंतर पुष्कळ केली. पलीकडच्या त्या गावची माणसंही माझ्याकडे यायची. नवी पिढी, त्यांना काही ठाऊक नसायचं. आम्हाला घर हलवायचं आहे, तुम्ही सामान जपून नेता असं ऐकलं, म्हणायची. चांगली माणसं असायची. मी म्हणायचो, गाडी मोकळी नाही. गाडी त्यांच्या पाठीमागेच अंगणात उभी असायची.